कन्हान-सूरच्या खोऱ्यातून रामटेक : माउंटन बाइकने पांदणीचा प्रवास

नागपूरहून रामटेकला सायकलने जाणारे बहुतेक जण पहाटे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ धरतात, मनसरला उजवीकडे वळतात आणि अडीच-तीन तासांत गडाच्या पायथ्याशी पोचतात. रोड बाइकसाठी तो मार्ग सोयीचा आहे. परंतु ज्यांच्याकडे जाड टायरची सायकल आहे आणि हाताशी एक पूर्ण दिवस आहे, त्यांनी कामठीला कन्हान नदी ओलांडून पूर्वेकडचे गावरस्ते, पांदणी म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा आणि नहराच्या म्हणजे कालव्याच्या पाळी यांवरून आधी नगरधन, मग रामटेक आणि शेवटी मनसर असा फेरा घ्यावा. वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या नंदिवर्धन शाखेची राजधानी आणि तिची देवस्थाने ज्या मुलखात उभी राहिली, तो मुलूख या वाटेनेच समजतो. महामार्गावरून त्याची फक्त कमान दिसते.

या फेऱ्यातील प्रत्येक निर्णय मातीवर ठरतो. कोणत्या महिन्यात जायचे, टायरमध्ये हवा किती ठेवायची, कोणती पांदण टाळायची आणि जुन्या वास्तूंपाशी सायकल कुठे थांबवायची, या सगळ्यांचे उत्तर पायाखालच्या जमिनीत आहे. म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

जमीन ओळखणे

कन्हानच्या काठालगत रेती आणि गाळाची जमीन लागते. नदीपासून पूर्वेला सरकले की धानाच्या बांध्या आणि कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन, सुरू होते. रामटेकच्या डोंगराजवळ जमीन मुरमाड व लालसर होत जाते आणि मनसरला मँगनीजच्या खाणींचा परिसर लागतो. एका दिवसात एवढे प्रकार चाकाखालून जातात, म्हणून एकाच पद्धतीने सायकल चालवून भागत नाही.

यांतली सर्वांत कठीण कन्हार. कोरडी असताना ती डांबरासारखी टणक असते, पण एक सर पडून गेली की टायरला थराथराने चिकटते, ती माती फोर्क (चाक धरणारा दुबेळका) आणि चाक यांच्यामध्ये दाबून बसते आणि शे-दोनशे पावलांत चाक फिरणे बंद होते. अशा वेळी पेडलवर जोर दिला तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मातीच्या गोळ्यात अडकून त्याला धरणारा हँगर वाकतो किंवा तुटतो, आणि मग सायकल त्या दिवसापुरती संपते. म्हणून पांदणीच्या तोंडाशी उतरून बुटाची टाच जमिनीत दाबून पाहावी. टाच उचलताना तळव्याला मातीचा थर लागून आला, तर ती पांदण सोडून डांबरी रस्त्याने वळसा घ्यावा. पाऊस पडून गेल्यावर किमान तीन दिवस चांगले ऊन मिळेपर्यंत कन्हारीत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगाम आणि वेळ

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा या भागातला खरा हंगाम होय. त्याआधी धानाची कापणी चालू असते, बांध्यांतले पाणी नुकतेच उतरलेले असते आणि पांदणी ओल्या असतात. फेब्रुवारीनंतर काळ्या जमिनीला बोटभर रुंदीच्या भेगा पडू लागतात आणि ऊनही चढते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या वाटेचा विचारही करू नये. हिवाळ्यातली एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. रब्बीसाठी पेंच प्रकल्पाच्या नहरांना पाणी सोडले की नहरालगतच्या सखल पांदणी पावसाविना चिखलमय होतात. आदल्या दिवशी रामटेक किंवा मौदा तालुक्यातील कोणा परिचिताला फोन करून नहर चालू आहे का, एवढे विचारून घेतले तर अर्धा त्रास वाचतो.

कामठी ही १८२१ मध्ये वसवलेली छावणी. नागपूर शहरातून तिथपर्यंत सायकल चालवत येण्यापेक्षा सायकल गाडीवर टाकून यावे आणि उजाडताच कन्हानचा पूल ओलांडावा, कारण सकाळी उशीर झाला की पुलाच्या दोन्ही अंगांना रेती व कोळशाच्या टिप्परांची वर्दळ वाढते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. याचा अर्थ हाताशी अकरा तासही नसतात. त्यांतले तीन तास वास्तू पाहण्यासाठी आणि एक तास जेवणासाठी राखून ठेवावा. सगळा फेरा वळणे-वळसे धरून साधारण ७० ते ८० किलोमीटरांचा होतो. माउंटन बाइकवर, निम्मी वाट कच्ची असताना, हे अंतर पुरेसे आहे.

सायकल आणि टायर

फुल सस्पेन्शनची गरज नाही. १०० मिलिमीटरपर्यंत दबणारा पुढचा फोर्क, डिस्क ब्रेक आणि २.१ ते २.२५ इंच रुंदीचे टायर असलेली साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, येथे उत्तम चालते. टायरची नक्षी मध्यम खोलीची आणि मोकळी असावी, म्हणजे लागलेली माती झडून जाते. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या स्वाराने ट्यूब असल्यास ३० ते ३५ पीएसआय आणि ट्यूबलेस असल्यास २२ ते २८ पीएसआय हवा ठेवावी. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त असावी.

या भागात पंक्चरचे मुख्य कारण बाभळीचा काटा आणि सराटा. कापणीनंतर शेताच्या कुंपणाला बाभळीचे फास टाकतात, ते वाहून नेताना काटे पांदणीत गळतात. म्हणून ट्यूबलेस करून घेणे हा या वाटेसाठी सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. प्रत्येक टायरमध्ये ८० ते १०० मिलिलिटर सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारे द्रव) असावे आणि नागपूरच्या उष्णतेत ते लवकर सुकत असल्याने दर दोन महिन्यांनी तपासून भरावे.

ट्यूबच वापरत असाल, तर पंक्चर काढताना एक गोष्ट सावकाश आणि नीट करावी. बाभळीचा काटा टायरच्या जाडीतच मोडतो. बाहेरून तो दिसत नाही आणि आत त्याचे टोक जेमतेम तांदळाच्या कणीएवढे वर आलेले असते. घाईत नवी ट्यूब घातली की तीही दहा मिनिटांत बसते. त्यासाठी आधी ट्यूबला हवा भरून छिद्र शोधावे, व्हॉल्व्हपासून त्या छिद्राचे अंतर टायरवर मोजून जागा निश्चित करावी आणि मग टायरच्या आतून सुती फडके एका दिशेने फिरवावे. काटा असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. बोट फिरवू नये, काटा नखात शिरतो. अडकलेले टोक चिमट्याने किंवा नेलकटरने आतल्या बाजूने ओढून काढावे, आणि पुन्हा एकदा विरुद्ध दिशेने फडके फिरवून मगच ट्यूब बसवावी. हा चिमटा आणि हे फडके पंक्चरच्या डब्यात कायमचे असू द्यावे.

याखेरीज दोन जास्तीच्या ट्यूबा, पंप, साखळी जोडण्याची क्विक लिंक, मल्टिटूल, जास्तीचा डिरेलर हँगर आणि माती खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची एक चपटी पट्टी एवढे सामान पुरे. पाणी प्रत्येकी तीन लिटर न्यावे. गावोगावी बोरिंगला पाणी मिळते, पण कन्हान सोडल्यावर दोन गावांमधली शेतवाट बरीच लांब पडते.

वाट आखणे

निव्वळ मोबाइलमधल्या नकाशाने सुचवलेल्या वाटेवर विसंबू नये, कारण तो पांदण आणि शेताचा धुरा म्हणजे बांध यांत फरक करत नाही. आदल्या रात्री उपग्रह चित्र उघडून कामठी–कन्हान–तारसा आणि तिथून उत्तरेला नगरधन असा पट्टा पाहावा. ज्या वाटेवर दोन समांतर रेषा सलग दिसतात, ती बैलगाडी-ट्रॅक्टरची पांदण होय. एकच बारीक रेषा असेल तर तो बहुधा धुरा असतो, आणि धुऱ्यावर सायकल घालणे म्हणजे शेतकऱ्याने बांधून ठेवलेले पाणी आणि माती मोडणे आहे. नाला ओलांडण्याच्या जागी पूल किंवा रपटा (पाणी वरून जाणारा बुटका पूल) दिसतो का, हेही बघावे. वाट ऑफलाइन साठवून ठेवावी आणि दर आठ-दहा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला येऊन मिळेल अशी आखावी, म्हणजे कुठे अडले तरी सुटका जवळ असते.

तरीही खरा नकाशा गावातल्या माणसाकडे असतो. चहाच्या टपरीवर किंवा शेतात काम करणाऱ्याला थांबून, सायकलवरून उतरून विचारावे, "भाऊ, ही पांदण पुढे नगरधनच्या रस्त्याला निघते का?" उत्तर बहुधा असे येते, "निघते जी, पण नाल्यात पाणी हाये." या "पण"नंतरचे वाक्य पूर्ण ऐकूनच पुढे जावे.

पहिला टप्पा : कामठी ते नगरधन

वेळ हाताशी असेल तर निघण्याआधी कामठीच्या वरच्या अंगाला असलेला बिना संगम पाहून घ्यावा. येथे कोलार आणि पेंच या नद्या कन्हानला मिळतात आणि पुढे हीच कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत विलीन होते. पात्रात मात्र उतरू नये. रेती उपसल्याने तयार झालेले खोल डोह वरून उथळ दिसतात आणि दरवर्षी माणसांचे बळी घेतात.

पूल ओलांडल्यावर कन्हान गाव मागे टाकून तारसा रस्त्याला लागावे. हा पट्टा डांबरी आणि सपाट आहे. येथे वेग वाढवण्याचा मोह टाळून पाय गरम करावेत. तारशाच्या आसपास डांबर सोडून उत्तरेकडच्या गावरस्त्यांना वळले की दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या, त्यांत ओलीवर पेरलेली लाखोळी, हरभरा, आणि अंगणात-खळ्यात वाळत घातलेली लाल मिरची असा मुलूख सुरू होतो.

पांदणीत दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा असतो. एक चाकोरी निवडून तीतच राहावे, नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा-वीस फूट पुढे ठेवावी आणि चाकोरी खोल असेल तिथे पेडल आडवे, समपातळीत धरून सायकल घरंगळू द्यावी, अन्यथा खालचे पेडल कडेला आपटते. चाकोरी बदलायची झाल्यास वेग कमी करून, उंचवटा जिथे बसका असेल तिथे, शक्य तितक्या काटकोनात ओलांडावा. तिरके गेल्यास पुढचे चाक कडेला घासून सायकल आडवी होते. भेगांचेही तसेच आहे. भेग चाकाला समांतर असेल तर ती चाक गिळते. नदी-नाल्याजवळ रेती लागली की आधीच हलका गिअर घ्यावा, वजन मागे न्यावे, हँडल सैल धरावे आणि पेडल अखंड फिरवत राहावे. रेतीत वळण घेण्याचा प्रयत्न करू नये.

नहराची पाळ मिळाली तर ती या टप्प्यातली सर्वांत सुखाची वाट ठरते, कारण ती उंच, कोरडी आणि बरीच सरळ असते. पाण्याच्या बाजूने मात्र चालवू नये. नहराच्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असते, आत पडलेल्या माणसाला पकडायला काहीही सापडत नाही, आणि चालू नहराचा प्रवाह दिसतो त्याहून जोरदार असतो.

धोक्याची आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी शेताभोवती तार लावून तीत वीज सोडतात, त्यांत माणसेही दगावली आहेत. म्हणून तार दिसली की तिला हात किंवा सायकल लावू नये, कुंपण ओलांडून आडवाट काढू नये, आणि अंधार पडल्यावर शेतवाटेने अजिबात जाऊ नये.

नगरधन

नगरधन म्हणजे प्राचीन नंदिवर्धन. गावाबाहेरचा किल्ला भोसलेकालीन आहे. त्याची तटबंदी, बुरूज आणि आतले, जमिनीच्या पातळीखाली असलेले देवीस्थान पाहण्यासारखे आहे. पण या जागेचे वय किल्ल्याहून कितीतरी अधिक आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी होती. पतीच्या मृत्यूनंतर तिने आपल्या अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्यकारभार सांभाळला आणि नंदिवर्धनाहून ताम्रपट दिला. २०१५ ते २०१८ या काळात येथे झालेल्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्या स्त्रीचे नाव या मातीतून असे थेट हाती येते, तेव्हा शेतातल्या साध्या उंचवट्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

आणि नेमक्या याच कारणासाठी माझी कळकळीची विनंती आहे, की या परिसरातील कोणत्याही टेकाडावर, ढिगाऱ्यावर वा तटावर सायकल चढवू नये. माउंटन बाइकवाल्याला चढ दिसला की पाय शिवशिवतात, हे मला मान्य आहे. पण ही टेकाडे विटा, खापरे आणि राबता संपलेल्या घरांच्या थरांची आहेत. टायरने पडलेली एक चाकोरी पहिल्या पावसात ओघळ होते आणि तीन-चार पावसाळ्यांत थर उघडे पडून वाहून जातात. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायकल गावात किंवा प्रवेशद्वाराशी कुलूप लावून ठेवावी आणि पायी जावे. सापडलेले खापर उचलून पिशवीत टाकू नये. जागेवरून हलल्यावर ते काही सांगू शकत नाही.

दुसरा टप्पा : रामटेक

नगरधनहून रामटेक आठ-नऊ किलोमीटर आहे आणि गड समोर दिसत असल्याने वाट चुकण्याची भीती नाही. गावात पोचताच आधी जेवावे. भरल्या पोटी गड चढणे नको वाटत असेल, तर अंबाळा तलावाकाठच्या मंदिरांमध्ये अर्धा तास थांबावे. गडावर डांबरी रस्ता जातो. चढ छोटा पण खडा आहे, आणि उतरताना भाविकांच्या गाड्या वळणावर अचानक समोर येतात, म्हणून डाव्या कडेने, दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत उतरावे.

बहुतेक जण राम-लक्ष्मणाच्या मंदिरांचे दर्शन घेऊन परततात. त्यांच्या आधी वाटेतच असलेली केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही पाचव्या शतकातील मंदिरे बघणे चुकवू नये. आकाराने लहान, शिखराविना, जाड दगडी भिंतींची ही मंदिरे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या बांधीव मंदिरांत मोडतात. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीत वाकाटककालीन, बराच झिजलेला शिलालेख आहे. त्याला हात लावू नये. दुपारच्या तिरप्या उन्हात अक्षरे अधिक उठून दिसतात. गडावर वानरांचे कळप आहेत. हँडलला लावलेल्या पिशवीत केळी-बिस्किटे ठेवल्यास पिशवी फाटलेलीच सापडते.

रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत येथे सायकलने येऊ नये. रस्ता भाविकांचा असतो.

पायांत बळ उरले असेल तर ईशान्येकडच्या खिंडसी तलावापर्यंत फेरी मारावी. सूर नदीवरचे हे मातीचे धरण १९१३ चे आहे. मात्र येथून पुढे उत्तरेला पेंचचे जंगल सुरू होते, बिबट्या आणि वाघाचा वावर आहे. वनखात्याच्या कच्च्या वाटांवर परवानगीविना शिरू नये आणि चारच्या आत तलावाकडून माघारी फिरावे.

तिसरा टप्पा : मनसर आणि परत

रामटेकहून मनसर पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला आहे. येथील हिडिंबा टेकडीवर १९९८ पासून झालेल्या उत्खननात विटांचे भव्य बांधकाम उजेडात आले. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने उभारलेल्या प्रवरेश्वर देवस्थानाशी अभ्यासक त्याची सांगड घालतात. १९७२ मध्ये याच परिसरात मिळालेली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उघड्यावरच्या विटा पावसा-उन्हाने ठिसूळ झालेल्या आहेत, त्यामुळे आखलेल्या पायवाटेवरूनच फिरावे आणि विटांच्या कडेवर बसू नये.

मनसरहून कामठीपर्यंतचा परतीचा रस्ता महामार्गच आहे. साडेतीनच्या आत मनसर सोडता आले तरच सायकलने परतावे. उशीर झाला असल्यास छोटा हत्ती ठरवून सायकली त्यात टाकाव्यात, किंवा रामटेकलाच मुक्काम करून मनसर दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. रामटेक–इतवारी रेल्वेचाही पर्याय आहे, फक्त सायकल नेता येईल का हे स्थानकावर आधीच विचारून घ्यावे.

अपघात झाल्यास ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. वन्यप्राण्यासंबंधी मदतीसाठी वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. धानाच्या पट्ट्यात घोणस असते, म्हणून लघुशंकेसाठीही तणसाच्या ढिगाजवळ जाऊ नये.

घरी आल्यावर सायकल लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये. कन्हारीची बारीक धूळ पाण्याबरोबर हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) यांच्या बेअरिंगमध्ये शिरते. आधी कोरड्या ब्रशने झाडावे, मग ओल्या फडक्याने पुसावे, साखळी पुसून तेल घालावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा दाबून पाहावेत, कारण रुतून बसलेला काटा बहुधा रात्रभरात हवा सोडतो.

हा फेरा जमला की पुढचा टप्पा वैनगंगेचा घ्यावा. उमरेड–भिवापूर मार्गे पवनी नागपूरहून ८० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथे १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेल्या बौद्ध स्तूपांच्या टेकड्या, जुना कोट आणि नदीचे विशाल पात्र आहे. तो बेत दोन दिवसांचा आखावा, आणि जमीन तीच कन्हार असल्याने टाच दाबून पाहण्याचा नियम तिथेही पाळावा.